बर्नचा त्सिटग्लोगे: वेशीवरच्या घड्याळ-बुरुजाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून स्वित्झर्लंडला जाणारी बहुतेक मंडळी इंटरलाकेन, युंगफ्राऊयोख, टिटलिस असा बेत आखतात. इंटरलाकेनच्या बऱ्याच गाड्या बर्नवरून जातात, पण बर्नला उतरणारे थोडे. ज्यांच्या हातात तिथे दोन-तीन तास असतील त्यांनी ते जुन्या शहरातल्या त्सिटग्लोगे बुरुजासाठी ठेवावेत, असं माझं आग्रहाचं सांगणं असतं. त्यावर जे प्रश्न येतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

हा बुरूज नेमका कुठे आहे?

बर्न ही स्वित्झर्लंडची संघराज्याची राजधानी. जुनं शहर आरे नदीच्या अरुंद वळणात वसलेलं आहे. उत्तर, पूर्व आणि दक्षिण अशा तिन्ही बाजूंना खोल दरीतून वाहणारी नदी, आणि फक्त पश्चिमेला सपाट जमीन. हवा स्वच्छ असेल तर शहरातल्या पुलांवरून आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ ही बर्नीज आल्प्सची शिखरं दिसतात. शहराच्या मधोमध पूर्व-पश्चिम असा एकच लांब रस्ता जातो. त्याच्या पूर्वेकडच्या तुकड्याचं नाव क्रामगासे, पश्चिमेकडच्या तुकड्याचं मार्क्टगासे. हे दोन तुकडे जिथे जुळतात तिथे रस्त्याच्या बरोबर मध्यावर हा ५४.५ मीटर उंचीचा बुरूज उभा आहे. खाली कमान आहे आणि माणसं तिच्यातून आरपार ये-जा करतात.

तो घड्याळासाठीच बांधला होता का?

नाही. ती शहराची वेस होती. घड्याळ फार नंतर आलं.

परंपरेप्रमाणे बर्न ११९१ मध्ये त्सेरिंगन घराण्याच्या बेर्टोल्ड पाचव्याने वसवलं. तिन्ही बाजूंनी नदी असल्यामुळे शत्रू येणार तो पश्चिमेकडूनच, म्हणून तट तिकडे बांधायचा आणि तटात एक मजबूत वेस ठेवायची, असा साधा हिशेब होता. ही वेस म्हणजे आजच्या बुरुजाचा खालचा भाग. तो १२१८ ते १२२० च्या सुमारास उभा राहिला. तेव्हा त्याची उंची जेमतेम १६ मीटर होती, आणि दिसायला तो बसका, चौकोनी, देखणेपणाशी काही देणंघेणं नसलेला होता. १२१८ मध्ये बेर्टोल्ड वारला आणि त्याच्याबरोबर त्याचं घराणंही संपलं. बर्नवर आता कोणी सरदार उरला नाही, शहर थेट पवित्र रोमन सम्राटाच्या छत्राखाली आलं. मान वाढला, पण संरक्षण आपलं आपणच करायची वेळ आली. अशा काळात ही वेस बांधली गेली, हे तिच्याकडे बघताना ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

शहर मात्र तटाच्या आत मावेना. पुढच्या तीन-चार दशकांत वस्ती पश्चिमेला पसरली आणि १२५६ च्या सुमारास आणखी पुढे दुसरा तट आणि दुसरी वेस झाली. तिला केफिगटुर्म म्हणतात. आपला बुरूज एकदम शहराच्या आत, दुसऱ्या फळीत गेला. तरीही टेहळणीसाठी तो हवा होता. भोवती घरं उंच होऊ लागली तशी वरच्या पहारेकऱ्याला पलीकडचं दिसेनासं झालं, म्हणून १२७० ते १२७५ च्या दरम्यान बुरूज सुमारे सात मीटरने चढवला. पुढे १३४४ ते १३४६ मध्ये तिसरा तट आणि क्रिस्टोफेलटुर्म ही तिसरी वेस झाली. त्यानंतर या पहिल्या बुरुजाला लष्करी काम असं काही उरलं नाही.

इथे बहुतेक शहरांनी दगड काढून नेले असते. बर्नने त्याला नवं काम दिलं. मला या बुरुजात सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हेच. एक काम गेलं की शहर त्याच्यासाठी दुसरं शोधत गेलं, आणि म्हणून तो आठशे वर्षं टिकला.

तिथे तुरुंग होता म्हणतात, ते खरं का?

खरं आहे. तिसरा तट झाल्यावर बुरुजात बायकांचा तुरुंग केला. पाद्र्यांशी शरीरसंबंध ठेवल्याचा ठपका ज्यांच्यावर होता अशा बायकांना तिथे डांबत. त्यांची ओळख उरली आहे ती शहराने त्यांना लावलेल्या शिवीवजा नावातून. गाईडच्या तोंडी हा मजकूर अर्ध्या वाक्यात उरकला जातो. थोडं थांबून त्या भिंतींकडे पाहावं, एवढं तरी त्या बायकांचं देणं लागतं.

मग घड्याळ केव्हा आलं?

१४०५ च्या आगीनंतर. १४ मे १४०५ रोजी बर्नमध्ये भीषण आग लागली. घरं बहुतेक लाकडाची. सहाशेच्या आसपास घरं जळाली, शंभरावर माणसं गेली. बुरूजही आतून पूर्ण जळून निघाला आणि भिंतींना जबर इजा झाली. ती इजा इतकी खोल होती की तिची पुरती दुरुस्ती १९८३ मध्ये संपलेल्या डागडुजीतच झाली.

आगीनंतर शहर वालुकाश्मात पुन्हा बांधलं गेलं. आज जुन्या बर्नला जो हिरवट-करडा रंग दिसतो तो त्याच दगडाचा. तुरुंगाच्या कोठड्या बुरुजात परत आल्या नाहीत. त्याऐवजी वर घंटा चढली. आराऊच्या योहान रेबर नावाच्या ओतकाराने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ती ओतली. वजन सुमारे १,४०० किलो, व्यास १२७ सेंटिमीटर. तिच्यावरच्या लॅटिन मजकुरात ओतल्याचा महिना, वर्ष आणि रेबरचं नाव आहे, आणि घंटा स्वतःच बोलते आहे अशा थाटात म्हटलं आहे की दिवसाचे तास मी सगळ्यांना सांगते. हीच घंटा आजही तासाचे टोल देते. पाव तासाची छोटी घंटा नंतरची, १८८७ ची.

आतलं यंत्र अजून जुनंच आहे का?

हो, आणि ते सुरू आहे. १५२७ मध्ये जुन्या घड्याळाची दुरुस्ती निघाली. ते काम कास्पर ब्रुनर याच्याकडे गेलं. ब्रुनर धंद्याने चिलखतं आणि शस्त्रं घडवणारा लोहार. १५३० मध्ये त्याने यंत्र पूर्ण केलं. घडीव लोखंडाची चौकट, तिच्यात दातेरी चाकांचे पाच संच, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. एक वेळ चालवतो, एक पाव तासाचे टोल देतो, एक तासाचे, आणि उरलेले बाहेरच्या बाहुल्यांना हलवतात. वीज नाही, स्प्रिंग नाही. दोरांना टांगलेली वजनं हळूहळू खाली उतरतात आणि त्या ओढीवर सगळं फिरतं. वजनं तळाला पोचण्याआधी ती परत वर ओढावी लागतात. म्हणजे रोज कोणीतरी जिना चढून वर जायचं आणि हाताने किल्ली द्यायची. हे काम आजही माणूसच करतो.

एक बदल मात्र मोठा आहे. ब्रुनरच्या काळी लंबक नव्हता. चाकांचा वेग आवरायला दोन टोकांना वजनं असलेला आडवा दांडा असे. तो एकदा इकडे, एकदा तिकडे झोके घेई, आणि दर झोक्याला चाकाचा एक दात सुटे. अशी घड्याळं दिवसाकाठी सहज पाव तास मागेपुढे होत. १६५६ मध्ये ख्रिस्तियान हायगेन्सने लंबकाचं घड्याळ बनवलं आणि मग युरोपभरच्या बुरुजांवर जुने दांडे उतरवून लंबक बसवायची लाट आली. इथेही तेच झालं.

दर तासाला होणारा खेळ काय असतो? कुठे उभं राहावं?

पूर्वेकडे, म्हणजे क्रामगासेच्या बाजूला. बरेच लोक स्टेशनकडून चालत येतात, पश्चिमेची मोठी तबकडी बघतात, तिथेच फोटो काढतात आणि खेळ चुकवतात. कमानीतून पलीकडे जा आणि मागे वळा. मोठ्या तबकडीच्या खाली एक खगोलीय तबकडी आहे आणि तिच्या उजव्या अंगाला छोट्या बाहुल्यांचा गोतावळा. तासाला पाच मिनिटं असताना जागा धरा.

तासाला तीन-साडेतीन मिनिटं उरली की सोनेरी कोंबडा पंख हलवून आरवतो. आवाज यंत्रातल्या भात्याचा असतो, थोडा घोगरा. मग खालून अस्वलांची मिरवणूक निघते. अस्वल हे बर्नचं मानचिन्ह. ही अस्वलं दोन पायांवर उभी, हातात शस्त्रं घेतलेली, आणि गोल चकतीवरून एका दारातून बाहेर येऊन दुसऱ्या दारात शिरतात. त्यांच्या वर लाल कपड्यातला विदूषक बसलेला आहे. तो दोन्ही हातांनी दोन छोट्या घंटा वाजवतो, आणि तेही वेळेच्या आधी. खरा तास अजून व्हायचा असतो. कोंबडा पुन्हा आरवतो. मग पाव तासाचे टोल पडतात. मधल्या आसनावर दाढीवाला कालदेव क्रोनोस बसला आहे, तो हातातलं वाळूचं घड्याळ उलटं करतो. आणि सगळ्यांत वर, छताच्या मनोऱ्यात, हान्स फॉन थान नावाचा सोन्याने मढवलेला पुतळा हातोडा उचलून मोठ्या घंटेवर तास मोजायला लागतो. प्रत्येक टोलाबरोबर खाली क्रोनोस तोंड उघडतो, जणू तोही मोजतो आहे, आणि शेजारचा सिंह मान वळवतो. शेवटी कोंबडा तिसऱ्यांदा आरवतो.

बाहुल्या लहान आहेत. ज्यांनी मोठ्या थीम पार्कातले देखावे पाहिले आहेत त्यांना पहिल्यांदा "एवढंच?" असं वाटतं, विशेषतः मागे उभं राहिलं तर. म्हणून पुढे उभं राहा आणि सुरुवातीला कोंबड्याकडे, मग अस्वलांकडे, आणि टोल सुरू झाले की थेट वर हान्सकडे नजर न्या. दुपारी बाराला गेलात तर बारा टोल मिळतात आणि बघायला पुरेसा वेळही.

खालची गुंतागुंतीची तबकडी वाचायची कशी?

तिच्यासमोर शांतपणे पंधरा मिनिटं उभं राहिलं तर ती वाचता येते, आणि पंचांगाशी ओळख असलेल्या माणसाला ती इतरांहून लवकर कळते.

ही तबकडी म्हणजे भिंतीवर लावलेलं यंत्रराज. आकाशाचा गोल एका सपाट पत्र्यावर उतरवायचा आणि त्यावर सूर्य-चंद्र फिरवायचे, ही तिची कल्पना. सगळ्यांत बाहेर २४ तासांचं कडं आहे. रोमन आकडे एक ते बारा दोनदा येतात, मध्यान्ह वर आणि मध्यरात्र खाली. मुख्य काटा दिवसातून एकच फेरी मारतो. त्यावर दोन सूर्य आहेत. लहान सूर्य तारीख दाखवतो, मोठा सूर्य राशीचक्रातली जागा.

मधली रंगीत पाटी तीन भागांत विभागली आहे. फिका निळा म्हणजे दिवस, काळपट म्हणजे रात्र, आणि मधला गडद निळा पट्टा म्हणजे संधिप्रकाश. मोठा सूर्य काळपट भागातून गडद निळ्यात शिरला की पहाट, क्षितिजाची रेघ ओलांडून फिक्या निळ्यात आला की सूर्योदय. संध्याकाळी हेच उलट. सूर्य वर्षभरात केंद्राच्या जवळ-दूर सरकत असतो, म्हणून जूनमध्ये तो फिक्या निळ्यात जास्त वेळ राहतो आणि डिसेंबरात कमी. ऋतूप्रमाणे दिवस लहान-मोठा होणं हे इथे कोणत्याही आकडेमोडीशिवाय डोळ्यांना दिसतं.

फिक्या निळ्या भागातून काही सोनेरी वक्र रेषा जातात. त्या दिवसाचे बारा भाग करतात. म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे सारखे बारा तुकडे, मग दिवस कितीही लांब असो. आपल्याकडे राहुकाळ काढताना दिनमानाचे आठ भाग करतात, त्यामुळे तो ऋतूप्रमाणे लांबतो-आखडतो. तत्त्व तेच. फरक आहे तो अक्षांशाचा. पुण्यात दिवस साधारण ११ ते सव्वातेरा तासांच्या दरम्यान हलतो, म्हणजे असा एक "तास" ५५ ते ६६ मिनिटांचा. बर्नमध्ये डिसेंबरात दिवस साडेआठ तासांचा आणि जूनमध्ये पावणेसोळा तासांहून थोडा मोठा. तिथे तोच "तास" हिवाळ्यात ४३ मिनिटांच्या आसपास आणि उन्हाळ्यात ७९ मिनिटांचा होतो. मजूर, बाजार, प्रार्थना, सगळं उजेडावर चालायचं तेव्हा हीच मोजणी सोयीची होती. घंटा मात्र सारख्या लांबीचे तास ठोकायची. एकाच भिंतीवर काळ मोजायच्या या दोन पद्धती अजून शेजारी-शेजारी नांदतात.

पाटीवर जाळीदार धातूचं राशीचक्र फिरतं. त्याच्या आतल्या कड्यावरून चंद्र जातो आणि आपली कलाही दाखवतो. राशी मेष, वृषभ, मिथुन अशाच क्रमाने आहेत, पण त्या सायन आहेत, म्हणजे वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी असते त्या बिंदूपासून) मोजलेल्या, हे लक्षात ठेवा. आपली मकरसंक्रांत जानेवारीच्या मध्यावर येते, कारण आपलं पंचांग निरयन, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या आधारे राशी मोजणारं. या पद्धतीत सूर्य डिसेंबरातच, दिवस सगळ्यांत लहान असताना, मकरेत शिरतो.

तारखांचं कडं जुलियन दिनदर्शिकेचं आहे. घड्याळ १५३० चं, ग्रेगोरियन सुधारणा १५८२ ची, आणि प्रोटेस्टंट बर्नने तर ती १७०१ मध्ये स्वीकारली. यंत्राला लीप वर्ष कळत नाही. त्यामुळे दर चार वर्षांनी २९ फेब्रुवारीला तारखेचा काटा हाताने मागे आणावा लागतो.

तबकडीच्या वर पाच देवांची चित्रं आहेत, त्यांचा क्रम विचित्र का?

हा प्रश्न मराठी माणसानेच विचारावा असा आहे, आणि उत्तरही त्याला माहीत असलेलंच आहे. डावीकडून शनि, गुरु, मंगळ, शुक्र, बुध. वारांच्या क्रमाने वाचलं तर शनिवार, गुरुवार, मंगळवार, शुक्रवार, बुधवार, म्हणजे काहीच लागत नाही. पण हा होऱ्यांचा क्रम आहे. होरा म्हणजे दिवस-रात्रीचा चोविसावा भाग, आणि प्रत्येक होऱ्याचा स्वामी एक ग्रह. जुन्या समजुतीप्रमाणे सर्वांत मंद ग्रह आधी, सर्वांत चपळ शेवटी: शनि, गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध, चंद्र. रवि आणि चंद्र खालच्या तबकडीवर प्रत्यक्षच फिरत असल्याने पट्टीवर उरले पाच.

वार यातूनच निघतात. शनिवारी सूर्योदयाचा पहिला होरा शनीचा, दुसरा गुरूचा, तिसरा मंगळाचा, असं मोजत जा. सात होऱ्यांनी फेरी पुरी होते, म्हणजे आठवा, पंधरावा आणि बाविसावा होरा पुन्हा शनीचे. तेविसावा गुरु, चोविसावा मंगळ, आणि पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवशीचा पहिला, रवीचा. म्हणून शनिवारनंतर रविवार. तसंच पुढे मोजलं की सोमवार, मंगळवार आपोआप येतात. हा हिशेब बर्नमध्ये जसा चालला तसाच आपल्याकडेही, कारण दोन्हीकडे तो एकाच जुन्या खगोल-ज्योतिषाच्या प्रवाहातून आला. मूर्ती मात्र रोमन आहेत. शनीच्या हातात कोयता, गुरूच्या हातात वीज, मंगळाकडे ढाल-तलवार, शुक्राच्या जागी व्हीनस ही देवी आणि तिच्याजवळ मदन, बुधाकडे दंड आणि थैली.

आईनस्टाईनचा आणि या घड्याळाचा संबंध सांगतात, तो कितपत खरा?

आईनस्टाईन १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कार्यालयात लागले. १९०३ च्या शरदापासून १९०५ च्या मे महिन्यापर्यंत ते पत्नी मिलेव्हासह क्रामगासे ४९ इथे दुसऱ्या मजल्यावर राहत. बुरूज तिथून हाकेच्या अंतरावर. मुलगा हान्स आल्बर्ट १९०४ मध्ये जन्मला तेव्हा बिऱ्हाड इथेच होतं. हे घर आज संग्रहालय आहे आणि छोटं असलं तरी बघण्यासारखं आहे.

ट्राममधून जाताना त्यांनी या घड्याळाकडे मागे वळून पाहिलं आणि ट्राम प्रकाशाच्या वेगाने धावली तर काटे थांबलेले दिसतील असं त्यांच्या मनात आलं, अशी गोष्ट बर्नमध्ये सगळीकडे ऐकायला मिळते. ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. कागदावर पक्कं आहे ते वेगळं, आणि मला ते जास्त आवडतं. ३० जून १९०५ रोजी नियतकालिकाकडे पोचलेल्या सापेक्षतेवरच्या लेखाच्या पहिल्याच विभागात रेल्वे आणि घड्याळाचं उदाहरण आहे. गाडी सात वाजता येते असं मी म्हणतो तेव्हा माझ्या घड्याळाचा लहान काटा सातवर येणं आणि गाडी येणं या दोन घटना एकाच वेळी घडतात, असा त्याचा अर्थ. दूरच्या दोन घड्याळांची वेळ जुळवायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा त्या लेखाचा पाया. पाच शतकं सगळ्या शहराची वेळ ठरवणाऱ्या घंटेच्या आवाजात राहणाऱ्या माणसाने हा प्रश्न धरावा, एवढी जवळीक मला पुरेशी वाटते.

कमानीच्या आत भिंतीवर धातूच्या पट्ट्या कसल्या?

मापं. बाजाराच्या गावात कापड मोजणाऱ्याची पट्टी खरी की खोटी यावर भांडणं व्हायचीच. म्हणून शहराने अधिकृत लांबी सगळ्यांना दिसेल अशा जागी लावून ठेवली. पूर्वी इथे हात आणि वाव यांची मापं होती, आता मीटर आणि दोन मीटर आहेत. बर्नच्या मुलखातले रस्तेही याच बुरुजापासून मोजत. रस्त्याकडेला जे दगड रोवले होते त्यांवर बर्नहून इथवर किती तासांची चाल झाली ते कोरलेलं असे. काही दगड अजून जागेवर आहेत. शहराची वेळ, शहराची लांबी आणि शहरापासूनचं अंतर, तिन्ही एका वेशीवरून ठरत. कमानीतून जाताना त्या पट्टीवर हात ठेवून बघा. बहुतेक पर्यटक तिच्या अगदी शेजारून निघून जातात.

बाकीच्या दोन वेशींचं काय झालं?

दुसरी, केफिगटुर्म, १६४० च्या दशकात पाडून नव्याने बांधली आणि तिचा तुरुंग १८९७ पर्यंत चालला. ती मार्क्टगासेच्या दुसऱ्या टोकाला उभी आहे, दोन मिनिटांवर.

तिसरीची गोष्ट दुःखाची. क्रिस्टोफेलटुर्म आज असता तर रेल्वे स्टेशनसमोरच असता. तो रस्त्याला आणि नव्या चौकाला अडचण होतो की शहराचा ठेवा आहे यावर बर्नकर वर्षानुवर्षं भांडले. शेवटी डिसेंबर १८६४ मध्ये मतदान झालं आणि ४१५ विरुद्ध ४११ मतांनी पाडायचं ठरलं. चार मतं. १८६५ मध्ये तो जमीनदोस्त झाला. स्टेशनच्या भुयारी मार्गात त्याचा पाया राखून ठेवला आहे. गाडी बदलायला दहा मिनिटं असली तरी तो पाहून होतो.

बुरूज आज दिसतो तसाच पूर्वी दिसायचा का?

नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस चार कोपऱ्यांवर छोटे मनोरे आले, ते पुढे गेले. आताचं मुख्य रूप १७७० ते १७७१ मधलं, बरोक पद्धतीचं. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात रंगरूप पुन्हा बदलत राहिलं. १९८१ ते १९८३ च्या कामात ते १७७० च्या धर्तीवर परत आणलं. पश्चिमेच्या तबकडीतलं चित्र मात्र १९३० च्या सुमाराचं, व्हिक्टर सुर्बेक याचं. झगा फडकावत झेपावणारा क्रोनोस आणि त्याच्या खाली नंदनवनातून हाकलले जाणारे आदम आणि हव्वा. काळ तिथून सुरू झाला, अशी कल्पना. त्याच १९८३ साली बर्नचं सगळं जुनं शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

आत जाता येतं का?

मार्गदर्शकाबरोबरच. शहराच्या पर्यटन कार्यालयाकडून साधारण तासाभराची फेरी असते. ऋतूप्रमाणे दिवस आणि वेळा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्यांच्याकडे चौकशी करून जागा राखून ठेवा. जिना अरुंद आहे, लिफ्ट नाही. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी बाहेरूनच बघावं. शक्य असेल त्यांनी मात्र फेरी तासाच्या आधी संपेल अशी नव्हे, तास मध्ये येईल अशी निवडावी. ब्रुनरचं यंत्र तुमच्या समोर सुटतं, लोखंडी पंखे गरगरतात, तारा ओढल्या जातात, आणि बाहेर रस्त्यावर लोक जे पाहून हसतात ते इथे कसं घडतं हे दिसतं.

बाहेरचा खेळ बघायला अर्थातच पैसे लागत नाहीत.

स्टेशनवरून कसं जायचं आणि किती वेळ ठेवायचा?

चालत दहा मिनिटं. सरळ पूर्वेला चालत राहायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी कमानींखालून जाणारे पदपथ आहेत, जुन्या शहरात त्यांची एकूण लांबी सहा किलोमीटरच्या आसपास भरते. पाऊस असो वा बर्फ, डोकं भिजत नाही. चालायचं नसेल तर ट्राम आणि बसला त्सिटग्लोगे याच नावाचा थांबा आहे. खेळ, तबकडी, कमान आणि आईनस्टाईनचं घर यांना दोन तास पुरतात. क्रामगासेवर बुरुजासमोरच चिलखत घातलेल्या अस्वलाचं कारंजं आहे, १५३५ चं. शहर वसवणाऱ्या त्सेरिंगन घराण्याचं निशाण त्या अस्वलाच्या हातात आहे. लहान मुलं बरोबर असतील तर घड्याळाची वाट बघताना त्यांना तिथे रमवता येतं. एक काळजी घ्या: क्रामगासेवरून बस जाते, त्यामुळे वर बघत रस्त्याच्या मधोमध उभे राहू नका.

आल्प्सच्या परिसरात असे आणखी बुरूज आहेत का?

आहेत, आणि एकासारखा दुसरा नाही. लुत्सर्नच्या मुझेग तटावर नऊ बुरूज शाबूत आहेत. त्यांतल्या त्सिटटुर्मवर १५३५ चं घड्याळ आहे आणि त्याला गावातल्या इतर सगळ्या घड्याळांच्या एक मिनिट आधी टोल द्यायचा मान आहे. एप्रिल ते ऑक्टोबर हा तट चढून जाता येतो. बरेच मराठी गट लुत्सर्नला मुक्काम करतात, लाकडी पूल बघतात, आणि तट तिथून चालत पंधरा-वीस मिनिटांवर असतो. त्सुग गावातला त्सिटटुर्म निळ्या-पांढऱ्या कौलांवरून दुरून ओळखू येतो. त्याच्या खालच्या खगोलीय तबकडीवर वार, महिना आणि चंद्राची कला यांबरोबर लीप वर्ष दाखवणारा काटाही आहे.

ऑस्ट्रियात आल्प्सच्या आग्नेय कडेला ग्राट्स आहे. तिथल्या श्लोसबर्ग टेकडीवरच्या घड्याळ-बुरुजाचा मोठा काटा तास दाखवतो आणि लहान काटा मिनिटं, कारण आधी एकच मोठा, दुरून दिसणारा तासकाटा होता आणि मिनिटांचा मागाहून आला. १८०९ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी तहाप्रमाणे टेकडीवरचा किल्ला सुरुंग लावून उडवला. घड्याळाचा बुरूज आणि शेजारचा घंटेचा बुरूज ग्राट्सच्या नागरिकांनी खंडणी भरून सोडवून घेतले.